एकेचाळिसावी नोंद

१

वारसा जपणाऱ्या त्या कार्यालयात बाईंना सगळे पाठीमागे ‘हातलाव्या’ म्हणत, आणि पाठीमागे म्हटलेलं बाईंना बरोबर पुढून ऐकू येई. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. नाव नाकावरून नाही, कामावरून पडलंय, यातच त्यांचं समाधान होतं.

काम असं, की संरक्षित जुन्या वास्तूंची दर पाच वर्षांनी तपासणी करायची. प्रत्येक वास्तूची यादी ठरलेली. खांब किती, तुळया किती, दारं, कड्या, बिजागऱ्या. यादी घेऊन जायचं, एकेक वस्तू बघायची आणि तिच्यापुढे स्थिती लिहायची: बरी, साधारण किंवा खराब. बाकीचे निरीक्षक हे काम उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं करत. एकानं तर कोसळून दोन महिने झालेल्या चिमणीपुढे ‘बरी’ लिहिलं होतं, आणि त्याच वर्षी उत्कृष्ट कामाचं प्रशस्तिपत्रकही पटकावलं होतं. बाई मात्र प्रत्येक वस्तूला हात लावत. लाकूड डोळ्यांना फसवतं, तळहाताला फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. वरिष्ठांशी तीन वर्षं भांडून त्यांनी छापील नमुन्यात एक रकाना वाढवून घेतला होता: ‘हात लावून खात्री केली? होय / नाही.’ त्या रकान्यात बाईंनी आजवर एकदाही ‘नाही’ लिहिलेलं नव्हतं.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांच्याकडे कोठाराची फाइल आली.

शेतावरचं जुनं धान्याचं कोठार. दगडी जोतं, लाकडी सांगाडा, वर कौलं. एकूण नोंदी एकेचाळीस. चाळिसावीपर्यंत सगळं चोख होतं. एकेचाळिसावी अशी होती:

‘माणूस, एक. माळ्यावर, आतला कोपरा. उंची एकशे सत्तर. स्थिती: खराब.’

बाईंनी चष्मा पुसला. मग मागचे कागद उलटले. पस्तीस वर्षं, सात तपासण्या, सात कागद. सातही कागदांवर माणूस एक. पहिल्या सहांवर स्थिती बरी. पाच वर्षांपूर्वीच्या शेवटच्या कागदावर खराब. आणि सातही कागदांवर त्याच ओळीवर पिवळट डाग होते, बाकी कागद स्वच्छ.

“चहा,” बाई पुटपुटल्या. “टेबलावर बसून खुणा करायच्या आणि वर चहा सांडायचा.”

सात वेळा चहा एकाच ओळीवर सांडावा, हे चमत्कारिक होतं. पण त्या कार्यालयात याहून चमत्कारिक गोष्टी रोज घडत आणि त्यांवर सह्याही होत.

२

शेवटची तपासणी केली होती ती बाईंच्याच चेल्यानं. हुशार, पण अंगचोर. त्या वर्षी जाताना बाईंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं: हात लावल्याशिवाय खूण करशील तर याद राख. परत आल्यावर पठ्ठ्यानं स्वतःहून तळघरातल्या दप्तरखान्यात बदली मागून घेतली होती. बाई तिथे उतरल्या तेव्हा तो डाव्या हातानं फायलींना फीत बांधत होता. उजवा हात खिशात.

“हे काय लिहून ठेवलंयस? माणूस? बुजगावणं असेल तर बुजगावणं लिहावं.”

त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही. “ती नोंद माझी नाही, बाई. आधीपासूनची आहे. मी फक्त स्थिती लिहिली.”

“न बघता?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, हात लावल्याशिवाय खूण नाही?”

“मग?”

“लावला.” तो पुन्हा फिती बांधू लागला. “लावला, आणि जे होतं ते खरं लिहिलं. तुमचं ऐकलं, बाई. हात दाखवून अवलक्षण.”

यापुढे तो बोलेना. पाच वर्षं फायलींच्या सहवासात काढली की माणसाचंही दप्तर होतं, असं म्हणून बाई वर आल्या. मग त्यांच्या लक्षात आली दुसरी गोष्ट. ‘खराब’ असा शेरा पडला, की मालकाला नोटीस आपोआप जाते. मजकूर छापीलच: ‘सदर बाब पुढील तपासणीपूर्वी बदलण्यात यावी. नवी बाब त्याच जातीची, त्याच मापाची व शक्यतो त्याच आवारातील असावी.’ वर क्रमांक घालायचा, खाली शिक्का मारायचा. पाठवण्याआधी ती वाचणं हे त्या कार्यालयात कुणाचंच काम नव्हतं.

म्हणजे त्या शेतावर पाच वर्षांपूर्वी एक नोटीस गेली होती.

३

शेत ताईचं होतं. ताई म्हणजे पंचावन्नची, रुंद हाडाची, जमिनीकडे बघत चालणारी शेतकरीण. तिच्याबरोबर तिचा भाऊ राहत होता. पंधरा वर्षांनी लहान, म्हणून त्याला आजूबाजूचे सगळे धाकटाच म्हणत. दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं. बाई पोचल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, ऊन लख्ख होतं, आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चार खिळ्यांनी ती नोटीस ठोकलेली होती.

“ती तिथे कशाला लावलीत?” बाईंनी विचारलं.

“विसरायला नको म्हणून,” ताई म्हणाली. “चहा घेणार?”

“कामावर मी चहा घेत नाही.”

“मागचेही नाही म्हणाले होते. जाताना तर पाणीसुद्धा न पिता पळाले.”

धाकटा दारातच उभा होता. उंच नाही, ठेंगणा नाही. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, पोरांची उंची मोजतात तशा. पण सगळ्या खुणा एकाच उंचीवर, एकीवर एक, आणि सगळ्या अलीकडच्या.

“एकशे सत्तर,” धाकटा हसत म्हणाला. “रोज मोजते ही. मी आटलो तर बरं, असं तिला वाटतं. बघा मॅडम, लग्नाच्या बाजारात मला कुणी विचारलं नाही, आणि शेवटी मागणी घातली कुणी? कोठारानं!”

“गप रे,” ताई म्हणाली. तिला हसू आलं नव्हतं.

बाईही हसल्या नाहीत, पण त्यांना जरा हलकं वाटलं. एका कारकुनाची जुनी गंमत, दोन एकट्या माणसांनी मनाला लावून घेतलेली. आज वर जायचं, तिथे काही नाही हे हातानं चाचपायचं, आणि नोंद खोडायची. पाणी मुरतंय ते कार्यालयात, इथे नाही.

४

कोठाराची दारं उघडल्यावर आतून गारवा आला. जुन्या पेंढ्याचा वास, आणि त्याखाली आणखी एक वास, जो बाईंना ओळखता येईना. आत खालच्या मजल्यावर सात-सात खांबांच्या दोन रांगा होत्या. बाई कामाला लागल्या. एक, हात, बरी. दोन, हात, बरी. नववा खांब हाताला वेगळा लागला. गुळगुळीत, नवा.

“हा बदललात का? चांगलं काम केलंय. सुतार कोण?”

दारातून ताईचा आवाज आला. ती उंबऱ्याच्या आत येत नव्हती. “सुतार कुणी नाही.”

“म्हणजे?”

“पंधरा वर्षांपूर्वी तुमच्याकडून नोटीस आली, नववा खांब खराब. आमच्याकडे तेव्हा लाकूडही नव्हतं आणि माणूसही. म्हटलं, बघू पुढे. तुमची माणसं यायच्या आदल्या दिवशी मी दार उघडलं तर खांब बदललेला. परसात एक झाड होतं आमचं, सरळसोट, लहानपणी त्याला माझा झोपाळा होता. त्या दिवशी तिथे नुसता बुंधा. वर गुळगुळीत कापलेला. आसपास भुसा म्हणाल तर चिमूटभर नाही.”

“कुणीतरी चोरून कापलं असेल.”

“चोरानं कापलं आणि आमच्याच कोठारात आणून बसवलं? असा चोर तुमच्या खात्यात भरती करून घ्या.”

बाई पुढच्या खांबाकडे वळल्या. दहावा, बरी.

माळ्याच्या चौकोनी तोंडाशी शिडी लावलेली होती. तिच्याखाली उभं राहून बाईंनी टॉर्च वर मारला आणि यादीशी ताडून पाहू लागल्या. छताचा भार चार आडव्या तुळयांवर होता. प्रत्येक तुळईला दोन टोकं, म्हणजे टेकायला आठ खांब हवेत. बाईंनी मोजले. सात. पुन्हा मोजले. यादीतही सातच होते, नोंद चौतीस ते चाळीस. चौथ्या तुळईचं आतलं टोक अंधारात जात होतं, आणि त्याखाली काही दिसत नव्हतं.

तुळईचं एक टोक अधांतरी असेल तर ती झुकायला हवी. निदान इतक्या वर्षांत कौलं तरी खचायला हवीत. तुळई मात्र पाणसळीत, अगदी आडवी सरळ होती.

‘भिंतीत घुसवली असेल,’ बाईंनी स्वतःला सांगितलं. पण तुळईचं आतलं टोक भिंतीपासून हातभर लांब होतं, हे नकाशात स्पष्ट होतं, आणि नकाशा बाईंनी स्वतः तपासलेला होता.

तेवढ्यात वर आवाज झाला. लाकूड करकरतं तसाच, पण करकरून थांबल्यावर आणखी काहीतरी. बराच वेळ एका खांद्यावर पोतं घेतलेला माणूस ते दुसऱ्या खांद्यावर घेताना जसा श्वास सोडतो, तसं.

५

बाई बाहेर येऊन उन्हात उभ्या राहिल्या. टेकायला म्हणून त्यांनी जोत्याच्या दगडावर हात ठेवला.

“आता ऐका,” ताई म्हणाली. “मला तुमच्यासारखं शिकून बोलता येत नाही. त्या नोटिशीची मुदत आज संपते. नोंद खोडा. किंवा ‘बरी’ लिहा. पण ‘खराब’ लिहिलंत, तर हा माझा भाऊ मला उद्या दिसणार नाही.”

“असं कसं म्हणता तुम्ही?”

“त्यालाच विचारा.”

धाकट्यानं डोकं खाजवलं. थट्टा त्याच्या तोंडावर आली आणि परत गेली. “मॅडम, मी कुऱ्हाड आणायला म्हणून निघतो आणि या शिडीखाली असतो. विहिरीवर जातो म्हणून निघतो, तरी इथेच. मधलं काही आठवत नाही. आधी महिन्यातून एकदा व्हायचं. या आठवड्यात रोज. आणि...” त्यानं उजवा खांदा चोळला. “इथे घट्टा पडायला लागलाय. ओझं काही उचललेलं नसताना.”

“मग पाडा की कोठार! गाव सोडून जा!”

“पाडा?” ताईचा आवाज चढला. “दहा वर्षांपूर्वी दाराची एक कडी बदलली तेव्हा तुमच्याच सहीचं पत्र आलं होतं, तुरुंगात घालू म्हणून. आणि सोडून गेलो होतो. बहात्तर किलोमीटर. सकाळी उठून बघते, तर याचं अंथरूण रिकामं. शिडीखाली सापडला.”

पत्र बाईंना आठवलं. चांगलं, कडक पत्र होतं.

खोडणं सोपं होतं. पेन काढायचं, रेघ मारायची. पण यादीतली बाब खोडायची तर ती जागेवर नाही याची हात लावून खात्री करावी लागते. हा नियम कुणाचा? बाईंचाच. न बघता मारलेली एक रेघ म्हणजे कोसळलेल्या चिमणीपुढचं ‘बरी’. एकतीस वर्षं ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्यांच्या रांगेत शेवटच्या आठ महिन्यांसाठी जाऊन बसायचं? तेही अंधारात लाकूड करकरलं म्हणून?

“मी वर जाते,” बाई म्हणाल्या. “तिथे कुणी नसणार. मग मी नोंद खोडते आणि तसं पत्र माझ्या सहीनं देते.”

“आणि असला तर?” धाकट्यानं विचारलं.

बाई टॉर्च घेऊन शिडीकडे निघाल्या.

६

माळ्यावर भुसा इतका होता की पाऊल टाकताच तो उठला. टॉर्च लावला तर समोर नुसती पांढरी भिंत, स्वतःचाच उजेड डोळ्यांत येणारी. त्यांनी टॉर्च विझवला. तेव्हा उलट जास्त दिसू लागलं. एका फुटक्या कौलातून उन्हाची बोटभर तिरीप आत आली होती आणि सावकाश सरकत होती.

बाईंनी काम सोडलं नाही. काम हातात असलं की बाकीचं दूर राहतं. चौतीस, हात, बरी. पस्तीस, बरी. छत्तीस. खाली ताई काहीतरी मोठ्यानं म्हणाली, नीट ऐकू आलं नाही. सदतीस. अडतीस. एकोणचाळीसला वाळवी लागली होती, साधारण. चाळीस, गार, कोरडा, बरी.

आता कोपरा. बाईंनी चाळिसाव्या खांबावर डावा हात ठेवला, वरच्या तुळईला बोटं लावली, आणि तुळईच्या कडेकडेनं अंधारात सरकू लागल्या. सात पावलं. तुळई संपली ते बोटांना कळलं. आता टोकाच्या खाली हात न्यायचा, तिथे हवा लागेल, आणि संपलं.

त्यांनी उजवा हात खाली नेला.

कापड होतं. जाडंभरडं, ओलं. कापडाखाली ऊब होती.

‘पोतं,’ बाईंच्या मनानं ताबडतोब सांगितलं. ‘पोत्यात उंदीर मेलाय, म्हणून ओल आणि ऊब.’ पण पोत्याला हाड नसतं. हाताखाली एक हाड होतं, आणि हाडाच्या वर खोलगट जागा पडली होती, तुळईच्या टोकाच्या बरोबर मापाची. आणि ते सगळं अतिशय बारीक थरथरत होतं. ताणलेला मांडव वाऱ्याविना थरथरतो तसं.

खालून ओळखू न आलेला वास आता आला. तो घामाचा होता.

‘धाकटा,’ त्यांना वाटलं. ‘माझी थट्टा चाललीय. बहीण खाली बोलण्यात गुंतवते, भाऊ वर चढतो.’ त्यांना इतका राग आला की धीरही आला. “उतर खाली,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्यावर खटला भरीन!”

कुणी उतरलं नाही. उन्हाची तिरीप सरकत आली. तिच्यात एक कान दिसला. कानामागे मानेचा तुकडा, त्यावर घाम, घामात चिकटलेला भुसा. भुसा थरावर थर होता, भिंतीवरच्या जुन्या रंगासारखा.

“तपासणी का?” आवाज अगदी हळू होता. कुणाचा असेल ते सांगता येईना. ओझ्याखाली सगळ्यांचा आवाज सारखाच होतो.

बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “हो.”

“खराब लिहा, बाई.” थोडा वेळ नुसता श्वास. “मागच्यानं लिहिलं होतं. चांगला होता. तुम्हीही खराब लिहा.”

मान वळू लागली.

बाई थांबल्या नाहीत. शिडी कशी उतरल्या ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

७

शिडीच्या तळाशी धाकटा उभा होता. मान डावीकडे झुकलेली, उजवा खांदा वर उचललेला, डोळे उघडे. तो बाईंकडे बघत होता, पण त्याला त्या दिसत नव्हत्या. ताईनं त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली होती आणि ती त्याला मागे ओढत होती. ओढता ओढताच ती उंबऱ्याच्या आत आली होती. तो हलत नव्हता. मघाशी खालून ती हेच ओरडत होती, बाईंना आता कळलं. तो इथेच होता. सगळा वेळ.

“लिहा!” ताई किंचाळली. “काय ते लिहा!”

बाईंनी गुडघ्यावर कागद ठेवला. एकतीस वर्षं त्यांनी कागदावर फक्त खरं लिहिलं होतं. खरं काय ते त्यांच्या तळहाताला माहीत होतं. वर एक जण त्या खऱ्याची पस्तीस वर्षं वाट बघत होता, कदाचित त्याआधीपासूनही. पाच वर्षांपूर्वी एका भल्या माणसानं त्याला शब्द दिला होता. आणि खाली हा, बहिणीच्या मिठीत, उंची एकशे सत्तर, त्याच आवारातला.

त्यांनी लिहिलं: ‘स्थिती: बरी.’

वर काहीतरी करकरलं, लांबलचक. मग कुणीतरी पोतं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

धाकट्याचा खांदा खाली आला. तो बहिणीसकट मागे धडपडला आणि भुशात बसला. “कुऱ्हाड कुठाय?” त्यानं विचारलं. ताई त्याच्या डोक्यात चापट्या मारत होती आणि रडत होती.

पुढचा रकाना बाकी होता. ‘हात लावून खात्री केली?’ बाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग तिथेही लिहिलं. जाताना ताईनं पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

८

फाइल स्वतः घेऊन बाई तळघरात उतरल्या. चेला फिती बांधत होता. त्यानं डाव्या हातानं फाइल घेतली, कागद काढला आणि सरळ शेवटच्या ओळीवर गेला.

“बरी,” त्यानं वाचलं. मग रकाना वाचला. “हात लावून खात्री: नाही.” त्यानं मान वर केली. “तुम्ही, बाई? नाही?”

“वर अंधार होता.”

त्यानं मागचे सात कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. सात जागी पिवळट डाग. तळघरातल्या दिव्याखाली बाईंनी ते पहिल्यांदाच नीट पाहिले. प्रत्येक डाग पाच बोटांचा होता. बाकी सगळं टेबलावर बसून लिहिणारी ती माणसं, ती चिमणीवाली, ती प्रशस्तिपत्रकवाली, एका ओळीसाठी मात्र सगळी वर चढली होती. आणि उतरून सहा जणांनी ‘बरी’ लिहिलं होतं.

चेल्यानं आठवा कागद त्या सातांच्या शेजारी ठेवला. एकेचाळिसावी ओळ. ओल्या भुशाची पाच बोटं.

बाईंचा उजवा हात पर्सच्या आत होता. तीन दिवस तो त्या धूत होत्या.

“आणि हा डाग?” त्यानं हळूच विचारलं. “नोंदीत काय लिहू?”

“चहाचा,” बाई म्हणाल्या.